गाठ लागली तर ‘गणपती झाल्यावर बघू’ म्हणू नका

माझ्या मावशीच्या हाताला स्तनात गाठ लागली ती आषाढात, कळव्याच्या घरी आंघोळ करताना. दुखत नव्हती, म्हणून ती गप्प बसली. मग श्रावणातले उपास आले, मग गौरी-गणपती, मग नातवाचं बारसं. डॉक्टरांसमोर बसली तेव्हा घरात चकल्या तळायला घेतल्या होत्या. आज ती बरी आहे, पण ते चार महिने आठवले की अजून स्वतःवर चिडते.

दुखत नाही म्हणजे काही नाही, हा हिशेब इथे चुकतो. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

आधी तारीख ठरवा

पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात स्वतःचे स्तन तपासा. पाळीच्या आधी स्तन जड होतात, हाताला गुठळ्या लागतात आणि उगाच धस्स होतं. पाळी गेली असेल तर महिन्यातला कोणताही एक दिवस धरा. आमच्या शेजारच्या काकू संकष्टीला तपासतात, चंद्रोदयाची वाट बघता बघता.

मग आरसा

दाराला कडी, दिवा चालू, कंबरेच्या वर कपडे नकोत. हात खाली सोडून बघा, मग डोक्यावर नेऊन, मग कंबरेवर घट्ट दाबून. दोन्ही स्तन कुणाचेच अगदी सारखे नसतात, त्याची चिंता नको. गेल्या महिन्यात नव्हतं असं काय आहे ते शोधायचं: कुठे खळी पडली आहे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते आहे, बोंड आत ओढलं गेलं आहे, त्यावरची खपली भरून येत नाही, किंवा आपोआप रक्ताळ पाणी येतं आहे.

मग हात

उताणं पडा. उजवी बाजू तपासताना उजव्या खांद्याखाली टॉवेलची घडी, उजवा हात डोक्याखाली. डाव्या हाताची मधली तीन बोटं वापरा. बोटांची टोकं खुपसू नका, पेरांचा मऊ भाग टेकवा. नाण्याएवढी गोल वर्तुळं काढत जा. प्रत्येक जागी आधी हलका दाब, मग थोडा जास्त, मग फासळी लागेपर्यंत. गळ्याच्या हाडापासून ब्राच्या खालच्या पट्टीपर्यंत, भिंतीला रंग देतात तशा उभ्या पट्ट्यांत, काखेकडून छातीच्या मधल्या हाडाकडे सरका. काख मात्र हमखास विसरली जाते. तिथे वेगळा हात फिरवा. मग दुसरी बाजू.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. एवढ्याने जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही. शांघायमध्ये गिरणीकामगार बायकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. नुसतं स्वतः तपासायला शिकवून मृत्यू कमी झाले नव्हते. त्यामुळे या सवयीचा उपयोग आपलं शरीर ओळखीचं करून घेण्यापुरता आहे, खरी तपासणी वेगळीच. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायकांना घेऊन अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. मशीन नाही, नुसते शिकलेले हात!

म्हणून तिशीनंतर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या, ती मोफत असते. चाळिशीनंतर मॅमोग्राफी, म्हणजे स्तन मशीनमध्ये दाबून काढतात तो एक्स-रे, कधी आणि किती वर्षांनी, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. आई किंवा बहिणीला हा आजार झाला असेल तर आधीच विचारा. मॅमोग्राफीला जाताना काखेत पावडर किंवा डिओ नको, फिल्मवर ते ठिपक्यांसारखे उमटू शकतात. वन-पीसपेक्षा कुर्ता-सलवार बरा, वरचंच काढावं लागतं. दाब दिल्यावर कळ येते, पण काही सेकंदच. वय कमी असेल तर बहुधा आधी सोनोग्राफी करतात, कारण तरुण स्तनाच्या घट्ट पेशीजालात मॅमोग्राफीला नीट दिसत नाही.

आणि गाठ लागलीच तर

त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा. ठाण्याचं सिव्हिल, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, जे जवळ असेल ते. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते ठरवायचं काम शेजारणीचं नाही. आधी हाताने तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग सुईने तुकडा काढून बायोप्सी, हा क्रम. ‘सुई लागली की पसरतो’ हे लोकलच्या लेडीज डब्यात हमखास ऐकू येतं. त्यात तथ्य नाही. उलट बायोप्सी न करता कुणी ‘गाठ काढून टाकू’ म्हणालं तर थांबा आणि दुसरीकडे विचारा, कारण शस्त्रक्रिया आधी की औषधं आधी, हे त्या तुकड्याच्या रिपोर्टवरून ठरतं.

टाटासाठी दरवेळी परळच गाठावं लागतं असं नाही. खारघरला त्यांचंच ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, ठाण्याहून पनवेल लोकलने जाता येतं. खर्चाचं रडगाणं गाण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेची माहिती देणाऱ्या मदतनीसाला, गाठा आणि उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात का ते विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत असू द्या.

पुरुषांनाही हा आजार होतो, क्वचित. नवऱ्याच्या छातीला गाठ लागली तर त्यालाही हेच सांगा.

सगळे रिपोर्ट, फिल्म आणि बायोप्सीच्या स्लाइड (काचपट्ट्या) व ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) एकाच पिशवीत ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं की ते स्लाइड आणि ब्लॉकच मागतात. मावशीची पिशवी साडीच्या दुकानातली आहे, दाराजवळच्या खुंटीला अजून अडकवलेली असते.