कंबरदुखीवर मणक्याचे मॅनिप्युलेशन घेताना

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची किंवा हाडवैद्याकडून मणका ‘बसवून’ घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मॅनिप्युलेशन त्याहून वेगळे आहे. त्यात प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट, ऑस्टिओपॅथ किंवा कायरोप्रॅक्टर (हे दोघे हातांनी सांधे व मणक्यांवर उपचार करणारे) मणक्याच्या सांध्याला नेमका, वेगवान आणि अगदी लहान झटका देतात.

हा उपचार घेण्यापूर्वी आपले दुखणे त्यात बसते का, हे पाहावे. वाकताना किंवा बराच वेळ बसून उठताना वाढणारी, कूस बदलल्यावर कमी-जास्त होणारी, काही दिवसांची वा आठवड्यांची साधी कंबरदुखी त्यात बसते. मात्र रात्री झोपेतून उठवणारी कळ, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, पूर्वी झालेला कॅन्सर किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही, आणि आतून पोखरलेला मणका झटक्याने खचू शकतो. हाडे ठिसूळ झालेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा मार्ग डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. जांघांत वा गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पायांतली ताकद झपाट्याने गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. चांगला थेरपिस्ट तुमचा पाय गुडघ्यात न वाकवता उचलून पाहतो, पायाचा अंगठा वर ओढायला लावून त्याची ताकद आजमावतो, गुडघ्यावर व घोट्यामागे हातोडी मारतो. यातले काहीच न करता “मणका सरकला आहे, आत्ता बसवतो” असे कोणी म्हणाले, तर तेथून उठून यावे.

कंबरेसाठी सहसा कुशीवर झोपवतात. खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात वाकवून त्याचे पाऊल खालच्या गुडघ्यामागे अडकवलेले, अशा स्थितीत थेरपिस्ट तुमचा खांदा मागे आणि कटी पुढे हलकेच वळवत सांध्यातला ढिलेपणा संपवतो, श्वास सोडायला सांगतो आणि मग क्षणात झटका देतो. या वेळी अंग ताठ धरू नये. कळ पायात उतरू लागली, तर झटक्याआधीच थांबवायला सांगावे. ऐकू येणारा ‘कट्’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी तो निगडित असतो. आवाज न येताही आराम पडतो, त्यामुळे तो येईपर्यंत पुन्हा पुन्हा झटके मागू नयेत. कायरोप्रॅक्टिकचे प्रवर्तक डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ पासून सरकलेले मणके हेच बहुतेक रोगांचे मूळ असल्याचे मांडले, पण ते पुढील संशोधनात टिकले नाही.

मानेबाबत माझे मत कडक आहे. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान मोडून घेण्याची सवय कायमची सोडावी. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटून पक्षाघात होण्याचा धोका विरळ असला, तरी एका क्षणाच्या हलकेपणासाठी तो पत्करण्याजोगा नाही.

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे स्वाभाविक आहे. त्या काळात अंथरूण न धरता चालत राहावे, जड उचलणे टाळावे. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संस्थेने २०१७ मध्ये नव्या कंबरदुखीसाठी औषधांआधी सुचवलेल्या पर्यायांत शेक व मालिशसोबत मॅनिप्युलेशनही आहे, पण त्याचा लाभ माफकच आढळतो, आणि ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना तर ते व्यायामासोबतच द्यावे असे सांगतात. म्हणून पहिल्याच भेटीत घरी करायचे व्यायाम लिहून घ्यावेत. तीन-चार बैठकींत वाकणे, बसणे, चालणे सुधारले नाही तर उपचार थांबवून पुन्हा निदानाकडे वळावे, आणि वर्षभराचे पॅकेज आगाऊ पैसे भरून घेऊ नये.