फिक्सी चालवताय? पुण्याच्या रस्त्यावर या चुका टाळा

फिक्स्ड-गिअर सायकलीला, म्हणजे फिक्सीला, फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारं दाती चक्र) नसतं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. पाय थांबवून सायकल नुसती सोडून देणं हा प्रकार तिच्यात नाही. पॅडलवर उलटा जोर दिला की वेग कमी होतो आणि जोर भरपूर असला की मागचं चाक जाम होऊन घसरतं. एवढं जमलं की बरेच जण ठरवून टाकतात, ‘मग ब्रेक हवेत कशाला?’ आमच्या मते फिक्सी ही उत्तम सायकल आहे, पण पुण्याच्या रहदारीत तिला पुढचा ब्रेक हवाच. यावर घासाघीस नाही.

पुढचा ब्रेक काढून टाकणं

वेग कमी करताना तुमचं आणि सायकलचं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होतं आणि त्याची पकड सुटत जाते. त्यामुळे पाय कितीही दणकट असले तरी मागच्या चाकाकडून मिळणारी रोखशक्ती पुढच्या ब्रेकच्या साधारण निम्मीच भरते. कोरड्या डांबरावर ताशी २५ किमी वेगात फक्त मागचं चाक रोखून थांबायला अंदाजे १० मीटर लागतात, पुढचा ब्रेक नीट दाबला तर ५. ताशी ४० ला हेच आकडे २५ आणि १२ मीटरच्या आसपास जातात. समोरचं दिसून हात-पाय हलेपर्यंत जाणारं अंतर यात धरलेलं नाही. ताशी २५ ला एका सेकंदात सायकल ७ मीटर पुढे गेलेली असते. लक्ष्मी रोडवर दोन उभ्या गाड्यांमधून कुणी पिशव्या घेऊन रस्त्यात उतरलं तर हा फरक फार मोठा ठरतो.

ट्रॅकवरचे सायकलपटू बिनब्रेकचे असतात, हे खरं. पण बालेवाडीच्या क्रीडा संकुलातल्या व्हेलोड्रोमसारख्या ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, समोरून कुणी येत नाही आणि कुणाकडेच ब्रेक नसल्याने पुढचा एकदम थांबून मागच्याच्या वाटेत येत नाही. तिथे ब्रेक नसणं ही सुरक्षिततेचीच सोय आहे. टिळक रोडवर राँग साइडने येणाऱ्या दुचाकीला या सोयीचा पत्ता नसतो. ब्रिटनमधल्या १९८३ च्या नियमांनुसार रस्त्यावरच्या सायकलला दोन स्वतंत्र ब्रेकयंत्रणा लागतात. फिक्सीत पायांनी मागचं चाक रोखणं ही एक धरतात, म्हणून पुढचा ब्रेक सक्तीचा होतो.

ब्रेकची कळ उजव्या हाताला घ्या. स्कूटर-मोटारसायकलला पुढचा ब्रेक उजवीकडेच असतो, त्यामुळे घाबरल्यावरही हात बरोबर जागी जातो. पॅड रिमपासून २ ते ३ मिमी दूर असावेत, आणि कळ पूर्ण दाबली तरी हँडलला टेकता कामा नये. तपासणी सोपी आहे. सायकलशेजारी उभे राहा, पुढचा ब्रेक आवळा आणि सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं गेलं तर ब्रेक पुरेसा आहे. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) ब्रेकसाठी भोकच नसेल (काही ट्रॅक फोर्कना नसतं), तर ड्रिल घेऊन बसू नका. भोक असलेला फोर्क बसवा.

फ्रीव्हीलच वेल्ड करून ‘फिक्सी’ बनवणं

सगळ्यांत घातक जुगाड हाच, आणि स्वस्तात होतो म्हणून तो पसरतोही पटकन. जुन्या २२ इंची काळ्या सायकलीचं फ्रीव्हील वेल्डिंगवाल्याकडे नेऊन घट्ट करायचं की झाली फिक्सी, असा समज असतो. फ्रीव्हील हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) सरळ आट्यांनी बसतं. पुढे पॅडल मारताना ते आणखी आवळतं, पण उलटा जोर दिला की त्याच आट्यांवरून सुटायला लागतं. म्हणजे नेमकं थांबायच्या क्षणी चाक आणि पाय यांचा संबंध तुटतो. त्या वेल्डिंगचाही भरवसा नाही, कारण फ्रीव्हीलचे भाग कडक केलेल्या पोलादाचे असतात आणि वेल्डशेजारी तडकू शकतात.

खऱ्या फिक्स्ड हबवर आट्यांचे दोन टप्पे असतात. आतला मोठा टप्पा कॉगसाठी (मागच्या चाकावरचं दाती चक्र), सरळ आट्यांचा. बाहेरचा थोडा लहान टप्पा लॉकरिंगसाठी (कॉगला धरून ठेवणारं कडं), उलट्या आट्यांचा. कॉग सुटायला निघाला की लॉकरिंग त्याला उलट दिशेने आवळतं. सगळी युक्ती या दोन टप्प्यांत आहे. साध्या फ्रीव्हील हबवर कॉग चढवून त्यावर बॉटम ब्रॅकेटचं (पॅडलचा ॲक्सल जिथे फिरतो त्या भागाचं) रिंग बसवणारेही भेटतील. दोन्हींच्या आट्या एकाच दिशेच्या असल्याने कॉग निघाला की रिंगही त्याच्याबरोबर निघतं. लोकटाइट (आट्या चिकटवणारा द्रव) ओतून हा दोष जात नाही.

फ्लिप-फ्लॉप हब (एका बाजूला फिक्स्ड कॉग, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसणारा) असेल तर आणखी एक गफलत होते. कॉग चुकून फ्रीव्हीलच्या बाजूला बसतो, कारण त्या आट्या कॉगलाही जुळतात. लॉकरिंगची पायरी दिसत नसेल तर चाक उलटं करा. आणि चाक फ्रीव्हीलच्या बाजूने वापरायचं ठरवलं तर पायांचा ब्रेक गेला हे लक्षात ठेवा. मग पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक हवेत.

कॉग असा बसवा. आट्या कापडाने पुसून थोडं ग्रीस लावा. कॉग घड्याळाच्या दिशेने हाताने चढवा, मग चेन व्हिपने (चेनचा तुकडा जोडलेल्या पान्याने) जोर लावून आवळा. लॉकरिंग घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि त्याच्या खाचेत अडकणाऱ्या वाकड्या पान्याने आवळा. छिन्नी-हातोड्याने ठोकू नका, खाचा गोल होतात. नंतर एखाददोन किलोमीटर चालवा, त्यात एक छोटा चढ उभं राहून मारा. चढावर कॉग आणखी आत बसतो आणि लॉकरिंग ढिलं पडतं, म्हणून घरी येऊन ते पुन्हा आवळायचं. ही दुसरी आवळणी वगळली तर पहिल्या जोरदार उलट्या दाबाला आट्या जाण्याची भीती असते, आणि मग हब बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

काळ्या सायकलीच्या क्रँकला (पॅडलच्या दांड्याला) तो ॲक्सलवर पक्का धरणारी कॉटर पिन असते. फिक्सीत क्रँकवर दोन्ही दिशांनी जोर येत असल्याने ती लवकर ढिली होते. अशी सायकल बदलून घ्यायचीच असेल तर चौकोनी टोकाचा ॲक्सल आणि त्याचे क्रँक बसवा.

चेन सैल ठेवणं

साध्या सायकलीची चेन पडली की हात काळे होतात, तेवढंच. फिक्सीची चेन पडली तर एक तर पायांचा ब्रेक क्षणात जातो, नाही तर चेन अडकून मागचं चाक जाम होतं. चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली दाबा. एकूण १० ते १५ मिमी हालचाल बरोबर. क्रँक हळूहळू फिरवत चार ठिकाणी बघा, कारण चेनरिंग (क्रँकवरचं मोठं दाती चक्र) क्वचितच अगदी गोल असते. जिथे चेन सर्वांत ताठ होते, तिथे हे माप जुळवा. फरक फारच असेल तर चेनरिंगचे बोल्ट थोडे ढिले करून ताठ जागी हलकेच ठोका आणि पुन्हा आवळा.

ताण देण्यासाठी मागचं चाक पुढे-मागे सरकावं लागतं, म्हणून फ्रेमची चाक बसवायची खाच आडवी हवी. गिअरच्या सायकलीची उभ्या खाचेची फ्रेम फिक्सीसाठी घेऊ नका, आणि स्प्रिंगचा टेन्शनर तर मुळीच नको. उलट्या जोराला तो दुमडतो. चाकाचे नट १५ नंबरच्या पान्याने कचकून आवळा आणि तो पाना जवळ बाळगा. चेन १२ इंचांवर १/१६ इंच वाढली की बदलायची.

जड गिअर

मोठी चेनरिंग दिसायला दणदणीत, म्हणून नवशिके ४८×१५ (चेनरिंगला ४८ दात, कॉगला १५) घेऊन बसतात. हे गुणोत्तर ३.२ होतं. चढावर गुडघे दुखतात आणि उतारावर उलटा जोर पुरत नाही. सुरुवातीला २.५ ते २.७ च्या दरम्यान राहा. ४४×१७ किंवा ४६×१७ छान.

१७ दाती कॉगचा एक छुपा फायदाही आहे. स्किड करताना (मागचं चाक जाम करून घसरवताना) मागचा टायर काही ठरावीक जागीच घासतो. चेनरिंग आणि कॉग यांचा अपूर्णांक संक्षिप्त केला की खालचा आकडा म्हणजे त्या जागांची संख्या. ४८×१६ म्हणजे ३/१, एकच जागा. टायर तिथेच झिजत जाऊन आतलं कापड दिसायला लागतं आणि रस्त्यातच फुटतो. ४४×१६ ला चार जागा, ४६×१६ ला आठ, ४६×१७ ला सतरा. तरी स्किड हा ब्रेक नव्हे. घसरणाऱ्या टायरची पकड फिरणाऱ्या टायरपेक्षा कमी असते, आणि घसरणारं चाक बाजूलाही जातं. चाक जाम न करता सलग उलटा दाब देणं जास्त कामाचं.

पाय मोकळे ठेवणं

उलट्या जोरात पुढचा पाय वर खेचावा लागतो, म्हणून पाय पॅडलला धरून ठेवणारे टो-क्लिप, स्ट्रॅप किंवा क्लिपचे बूट हवेतच. वेगात पाय सुटला तर पॅडल नडगीवर आदळत राहतं आणि पाय परत ठेवता येत नाही. तेव्हा पॅडलच्या मागे धावू नका. दोन्ही पाय बाहेर काढा आणि पुढच्या ब्रेकने थांबा. बुटाची नाडी आत खोचा, पँटची उजवी मोहरी बांधा, ओढणी कमरेला गुंडाळा. कपडा चेनमध्ये गेला तरी ही चेन थांबत नाही.

निघताना पॅडल हव्या त्या जागी आणायला सीट धरून मागचं चाक उचला आणि पायाने क्रँक फिरवा. पहिले आठ-दहा दिवस रिकाम्या मैदानात किंवा पहाटेच्या रस्त्यावर ताशी १० ते १५ च्या वेगात फक्त थांबायचा सराव करा, आधी नुसता ब्रेक, मग ब्रेक आणि पाय एकत्र. गतिरोधकावर सीटवरून किंचित उठा, पण पाय फिरतेच ठेवा. वळणावर आतलं पॅडल खाली येऊन रस्त्याला घासतं आणि मागचं चाक उचलतं, म्हणून सायकल फार कलती करू नका. १६५ मिमी क्रँक घेतल्यास हा त्रास कमी होतो.

उतार आणि पाऊस

४६×१७ वर ताशी ४० ला पाय मिनिटाला साधारण ११७ फेरे मारतात, ताशी ५० ला १४७. सराव नसलेला माणूस १२० च्या आसपास सीटवर उड्या मारू लागतो. म्हणून वेग वाढल्यावर रोखायचा नाही, उताराच्या माथ्यापासूनच बांधून ठेवायचा. सिंहगड, दिवे घाट किंवा बोपदेव घाट उतरायचा असेल तर दोन्ही चाकांना ब्रेक लावा. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर मोठी वाहनंही ताबा गमावतात. तिथे फिक्सी नेऊच नका.

पावसात पॅडला आधी रिमवरचं पाणी पुसावं लागतं, पकड उशिरा येते. जुन्या क्रोमच्या रिमवर तर ओल्यात ब्रेक जवळपास लागतच नाही. ॲल्युमिनियमची रिम घ्या. मॅनहोलची झाकणं आणि झेब्रा क्रॉसिंगचे रंगीत पट्टे यांवर उलटा दाब देऊ नका.

आवाज आला तर

उलटा दाब देताना ‘कट्’ आवाज येऊन पॅडलला थोडी मोकळीक जाणवली, तर कॉग सरकतोय. तिथेच उतरा, चालवत घरी नेऊ नका. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला टकटक होत असेल तर पॅडल, क्रँकचा बोल्ट आणि चेनरिंगचे बोल्ट या क्रमाने बघा. डाव्या पॅडलच्या आट्या उलट्या असतात, हे विसरून पिळू नका. चेन सतत खरखरत असेल तर कॉग आणि चेनरिंग एका रेषेत नाहीत. २ मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेऊ नका.

चेन साफ करताना सायकल उलटी ठेवून चाक गरगर फिरवायचं आणि त्यावर फडकं धरायचं, ही सवय फिक्सीला नको. फडकं ओढलं जातं, त्याबरोबर बोट कॉगमध्ये जातं आणि चाक त्याच्या जोरात फिरतच राहतं. क्रँक एका हाताने थोडा फिरवा, थांबवा, मग खालची चेन पुसा.