स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला संगणकावरून आज्ञा कशा द्याव्यात

९८.३ मेगाहर्ट्‌झवरील एफएम केंद्राचा सिग्नल स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरने, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती शक्ती आहे हे दाखवणाऱ्या उपकरणाने, मोजायचा आहे, असे समजू. बहुतेक आधुनिक अ‍ॅनालायझरना १९९० साली ठरलेली ‘स्किपी’ ही आज्ञाभाषा समजते. पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टाइप कराव्यात. प्रत्येक शब्द पूर्ण लिहावा, किंवा पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत छापलेला भाग तेवढाच लिहावा. मधेच तोडलेला शब्द उपकरण नाकारते.

लॅन केबल जोडून, बहुधा ५०२५ क्रमांकाच्या पोर्टवर, संपर्क साधावा आणि ‘*आयडीएन?’ पाठवावे. उत्तरात निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक व फर्मवेअरची आवृत्ती येते. त्यानंतर ‘*आरएसटी’ने उपकरण मूळ स्थितीत आणावे व ‘*सीएलएस’ने जुन्या त्रुटींची नोंद पुसावी.

आता ‘इनिट:कॉन्ट ऑफ’ पाठवून अखंड स्वीप, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा पुन्हा पुन्हा तपासत राहणे, थांबवावा. मग ‘फ्रेक:सेंट ९८.३ एमएचझेड’, ‘फ्रेक:स्पॅन १ एमएचझेड’ आणि ‘बँड:रेस १० केएचझेड’ या क्रमाने मध्य फ्रिक्वेन्सी, पट्ट्याची रुंदी व रिझोल्यूशन बँडविड्थ यांची मांडणी करावी. रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे उपकरण एका वेळी पाहते तो छोटा पट्टा, उगाच अरुंद करू नये, कारण स्वीप पद्धतीच्या उपकरणात ती दहापट घटवली की स्वीपला साधारण शंभरपट वेळ लागतो.

खरी मेख पुढे आहे. ‘इनिट:इम’ने एक स्वीप सुरू होतो, पण आज्ञा पोहोचली म्हणजे स्वीप संपला असे नव्हे. म्हणून लगेच ‘*ओपीसी?’ विचारावे आणि ‘१’ हे उत्तर येईपर्यंत थांबावे. मी एकदा ही पायरी गाळली होती. अँटेना काढून ठेवली तरी आकडा हलेना, आणि अर्धा तास केबलवर संशय घेतल्यावर लक्षात आले, की आपण आधीच्याच स्वीपचा मार्कर (आलेखावरील बिंदूचे मूल्य दाखवणारी खूण) वाचत आहोत. पायथॉनच्या ‘पायव्हिसा’ या उपकरणांशी संवाद साधणाऱ्या लायब्ररीमधून काम करत असल्यास तेथील मूळ प्रतीक्षामर्यादा केवळ दोन सेकंदांची असते, स्वीप त्याहून लांब असेल, तर ती आधीच वाढवावी.

‘१’ आल्यावर ‘कॅल्क:मार्क१:मॅक्स’ने मार्कर शिखरावर न्यावा आणि ‘कॅल्क:मार्क१:वाय?’ विचारावे. ‘-४.७३ई+०१’ असे उत्तर आले, तर ते उणे ४७.३ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये सांगितलेली शक्ती) समजावे. एफएम सिग्नल १० किलोहर्ट्‌झहून बराच रुंद पसरत असल्याने ही केंद्राची एकूण शक्ती नव्हे. त्यासाठी उपकरणात चॅनल पॉवरचे वेगळे मापन असते.

शेवटी ‘सिस्ट:एर?’ पाठवावे, आणि उत्तर शून्य येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवावे, कारण त्रुटी रांगेत साठतात व एका वेळी एकच बाहेर येते. उणे ११३ आले, तर आज्ञेचे स्पेलिंग तपासावे.