बीएएसएलपी: वर्ष थिअरीत कमी, क्लिनिकात जास्त जातं

विदर्भातल्या गावांतून बीएएसएलपीला, म्हणजे ऐकणं आणि वाचा-भाषा यांच्या उपचारांच्या पदवीला, गेलेली मुलं न्यूरॉलॉजीच्या पेपरला घाबरतात आणि अडकतात क्लिनिकच्या वहीत. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. थिअरी आणि क्लिनिकल साधारणपणे वेगवेगळं पास व्हावं लागतं. एकातले जास्तीचे गुण दुसऱ्याच्या कामाला येत नाहीत.

प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाची नियमावली काढा आणि चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा: थिअरीची हजेरी, क्लिनिकची हजेरी, किती विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाता येतं (एटीकेटी), आणि जास्तीत जास्त किती वर्षांत पदवी पुरी करायची. सिनिअरच्या तोंडचा आकडा मागच्या बॅचचा असू शकतो. मग टक्के दिवसांत उतरवा. समजा क्लिनिकचे ८० दिवस आणि अट ९० टक्के, तर हाताशी ८ दिवस उरले. दिवाळीला घरी गेलात, कापूस वेचणीला आणखी थांबलात की ५-६ तिथेच संपले. मग ताप यायलाही जागा नाही.

लॉगबुक रोजच्या रोज भरा. तारीख, केस नंबर (नाव नको), वय, निदान, काय केलं, किती मिनिटं, सुपरवायझरची सही. निरीक्षण आणि स्वतः घेतलेलं सत्र वेगळ्या रकान्यांत. चार मुलांचं ४५ मिनिटांचं गटसत्र म्हणजे ४५ मिनिटंच. त्याचे तीन तास दाखवले की पूर्ण वहीवरचाच विश्वास जातो. सह्या महिन्याअखेरीस एकदम घेऊ म्हणू नका. सुपरवायझर रजेवर गेले की त्या तासांना वाली नसतो.

आता केस फाइल. इथे आपल्या भागाची एक खास चूक होते. चार-पाच वर्षांचं लेकरू 'डोया', 'केयी', 'पानी' म्हणतं आणि विद्यार्थी प्रमाण मराठीचा तक्ता समोर ठेवून ळ, ण चुकले असं लिहून मोकळा होतो. ही वऱ्हाडी आहे, दोष नाही. तेच शब्द आईकडून म्हणवून घ्या. आईही 'डोया' म्हणत असेल तर प्रश्न मिटला. आई 'डोया' आणि लेकरू 'डोला' म्हणत असेल, तर ते टिपून ठेवा आणि वय बघून ठरवा. पाचव्या वर्षी 'काका'चं 'ताता' होत असेल तर तो खरा मुद्दा, कारण क तोवर यायला हवा. आणि उच्चाराच्या आधी ऐकू येतं का ते तपासा. ऑडिओग्रामशिवाय (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) लिहिलेलं वाचेचं निदान व्हायव्हात टिकत नाही.

भाषेचा नमुना किमान ५० वाक्यांचा घ्या. 'हे काय?' विचारलं की एका शब्दात उत्तर येतं आणि वाक्याची सरासरी लांबी खोटीच कमी निघते. एस्केलेटरच्या चित्रापेक्षा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी समोर ठेवा आणि 'हा कुठं चालला?' विचारा, लेकरू आपणच बोलत सुटतं. सरासरी शब्दांत मोजली की मॉर्फीममध्ये (शब्दाचे अर्थ असलेले सर्वांत लहान तुकडे), हे फाइलवर लिहा. 'घरातून' हा एक शब्द आहे, पण त्यात प्रत्ययही आहे, त्यामुळे दोन मोजण्यांचे आकडे जुळत नाहीत.

उद्दिष्टात आकडा हवा: 'शब्दाच्या सुरुवातीचा क, १० पैकी ८ वेळा, चित्र पाहून'. 'उच्चार सुधारणे' लिहिलंत तर सुपरवायझर फाइल परत करतील, आणि बरोबरच करतील.

तासांत विविधताही बघतात: मुलांची भाषा, उच्चार, तोतरेपणा, आवाज, अफेजिया (मेंदूच्या इजेमुळे भाषा जाणं). मोठ्या माणसांच्या केसेस आपल्याकडे कमी नाहीत, त्याचं श्रेय सुपारी-तंबाखूच्या खर्र्याला. सबम्यूकस फायब्रोसिसच्या (तोंडातली त्वचा ताठ होऊन तोंड कमी उघडण्याचा आजार) रुग्णाचं तोंड पुढच्या दातांच्या कडांमध्ये किती मिलिमीटर उघडतं ते दर भेटीला मोजा. ३५ पेक्षा कमी असेल तर उच्चार आणि गिळणं दोन्ही तपासा.

पेरणीला आणि वेचणीला पालक येणं थांबवतात, तास तिथेच तुटतात. म्हणून दुसऱ्याच भेटीत घरी करायचे सराव लिहून द्या, दिवसाला १० मिनिटांचे. शिवाय एकाच केसवर सगळे तास टांगू नका, दोन-तीन केसेस हाताशी ठेवा. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडीतली मुलं येतात. तिथे पोस्टिंग मिळत असेल तर सोडू नका.

इंटर्नशिपचं प्रमाणपत्र हातात आल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवा. १९९२ च्या कायद्याप्रमाणे या नोंदीशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. पदवी आणि दहावीच्या कागदांवरचं नावाचं स्पेलिंग आधीच जुळवून घ्या, अर्ज तिथेच अडतो.