बिल्ड फायलीतल्या याद्या: काय क्रमाने लावायचं, कशाला हात लावायचा नाही

बिल्ड फाईल म्हणजे प्रोग्राम कुठल्या फाईलींपासून कसा बनवायचा ते सांगणारी फाईल. एक टीम ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, दुसरी नवी मुंबईत महापेला, रिपो (कोडचा साठा) एकच. दोन्हीकडे एकेक नवी फाईल तयार होते आणि तिचं नाव बिल्ड फाईलमधल्या सोर्सच्या यादीत सगळ्यात खाली चिकटवलं जातं. दोघांचे बदल एकत्र करताना, म्हणजे मर्जच्या वेळी, गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) अडतं. कोडमध्ये भांडण नसतंच, भांडण असतं यादीच्या शेपटीचं.

म्हणून पहिला नियम: एका ओळीत एकच नाव, आणि नावं वर्णक्रमाने. नवी नावं यादीभर विखुरतात, त्यामुळे टक्कर क्वचित होते. एकच नाव दोनदा आलं तर ते शेजारीशेजारी दिसतं, हा जादा फायदा. बंद करणारा कंस स्वतंत्र ओळीवर घ्या. शेवटच्या नावानंतर स्वल्पविराम चालत असेल तिथे तो द्याच. जेसनमध्ये चालत नाही. मेकफाईलमध्ये ओळीअखेरच्या बॅकस्लॅशनंतर एक स्पेस जरी राहिली तरी ओळ तिथेच तुटते, आणि ती स्पेस डोळ्यांना दिसत नाही.

क्रम हाताने लावू नका, सॉर्ट कमांडला लावू द्या. पण आधी एलसी_ऑल या व्हेरिएबलला सी ही व्हॅल्यू द्या. तसं केलं की कॅपिटल अक्षरं आधी, स्मॉल नंतर, असा क्रम ठरतो. इतर बऱ्याच लोकेलमध्ये (भाषा-प्रांताच्या सेटिंगमध्ये) दोन्ही मिसळतात, मग लॅपटॉपवर पास झालेली यादी सीआयवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या सर्व्हरवर) नापास. बेझल हे बिल्डचं साधन वापरत असाल तर हे काम त्याचा फॉरमॅटर बिल्डिफायर करतो. फायरफॉक्सच्या बिल्डमध्ये तर बऱ्याच याद्यांचा क्रम चुकला की थेट एररच येते. आमच्या मते हा कडकपणा योग्यच आहे. रिव्ह्यूमध्ये माणसाने 'क्रम बघा' लिहीत बसण्यात अर्थ नाही.

मात्र सगळंच सॉर्ट करायचं नसतं. ट्रान्स हार्बर लोकलची काही स्टेशनं वर्णक्रमाने लावली तर ऐरोली, कोपरखैरणे, घणसोली, ठाणे अशी येतील. गाडी तशी धावत नाही. ग्नूच्या लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाला) स्टॅटिक लायब्ररी द्यायच्या असतील तर वापरणारी आधी आणि पुरवणारी नंतर हवी, कारण तो डावीकडून उजवीकडे एकदाच वाचत जातो. उलटं झालं की 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही एरर. इन्क्लूड पाथ (हेडर फाईली शोधायच्या जागा) आणि मेव्हन, ग्रेडल या बिल्ड साधनांमधल्या रिपॉझिटरी (लायब्ररी आणायच्या जागा) यांचंही तसंच: आधी सापडेल ते घेतलं जातं. अशा यादीच्या डोक्यावर 'क्रम बदलू नका' एवढंच लिहून भागत नाही, कारणही लिहा. नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी ती नीटनेटकी करून ठेवेल.

यादीच नको म्हणून सीमेक या बिल्डच्या साधनात ग्लॉब, म्हणजे 'या फोल्डरमधल्या सगळ्या फाईली' असा नमुना, वापरायचा मोह होतो. टाळा. सहकाऱ्याने टाकलेली फाईल तुम्ही पुल केली तरी सीमेक पुन्हा चालल्याशिवाय ती बिल्डमध्ये येत नाही. सीमेक ३.१२ पासून त्यावर कॉन्फिगर_डिपेंड्स हा पर्याय आहे, पण प्रत्येक बिल्डला तपासणीचा वेळ जातो आणि ते सगळ्या जनरेटरवर (सीमेक ज्या साधनांसाठी बिल्ड फाईली बनवतो त्या सगळ्यांवर) भरवशाचं नाही.

लायब्ररींच्या आवृत्त्याही एकाच जागी लिहा: ग्रेडलमध्ये व्हर्जन कॅटलॉग, मेव्हनमध्ये पॅरेंट पोमचं (वरच्या प्रोजेक्ट फाईलचं) डिपेंडन्सी मॅनेजमेंट.

जुनी फाईल सुधारताना उघड्या ब्रँच कमी असतील तो दिवस धरा. त्या कमिटमध्ये फक्त क्रम बदला, दुसरं काही नाही. त्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) एका फाईलीत नोंदवून ती फाईल ब्लेमच्या (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडच्या) इग्नोअर रेव्ह्ज फाईल सेटिंगमध्ये द्या (गिट २.२३ पासून), म्हणजे ब्लेममध्ये सगळ्या ओळी तुमच्या नावावर येणार नाहीत. मग क्लीन बिल्ड आणि सगळ्या टेस्ट. सी प्लस प्लसचा प्रोग्राम आता सुरू होतानाच पडू लागला तर एका फाईलमधलं ग्लोबल ऑब्जेक्ट दुसऱ्या फाईलमधल्या ग्लोबल ऑब्जेक्टवर अवलंबून आहे का ते बघा. वेगवेगळ्या फाईलींमधल्या अशा ऑब्जेक्टचा आरंभक्रम भाषा ठरवून देत नाही, तो बहुधा लिंकच्या क्रमावर जातो. दोष आधीपासून होता, सॉर्टने तो फक्त वर काढला. यादी जुन्या क्रमावर नेऊन तो झाकू नका, ज्यावर दुसरं अवलंबून आहे ते ऑब्जेक्ट फंक्शनच्या आत स्टॅटिक करा.