दोन्ही रॅमवर ३२००च लिहिलं होतं

हार्डवेअरच्या कामाला नवीनच लागलो होतो तेव्हाची गोष्ट. ऐन लग्नसराईत एका फोटो स्टुडिओवाल्या काकांचा पीसी आला, ८ जीबी रॅम होती, अजून ८ टाकून हवी होती. जुन्या स्टिकवर बघितलं, डीडीआर४ ३२०० (रॅमची पिढी आणि स्पीड), दुकानात पण ३२००च पडलेली, लावली, टास्क मॅनेजरला १६ जीबी दिसले, बिल केलं, विषय संपला.

तिसऱ्या दिवशी काका परत हजर. अल्बम एक्सपोर्टला लावला की मध्येच ब्लू स्क्रीन, कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, कधी नुसताच रिस्टार्ट. दरवेळी वेगळा एरर आला की पहिला संशय रॅमवर घ्यायचा, पण मला तेव्हा कुठे माहीत, मी सरळ सी ड्राइव्हला फॉरमॅट मारला (आमच्या लाइनमध्ये काही सुचलं नाही की फॉरमॅट). तर विंडोज टाकतानाच फाइल करप्ट म्हणून अडकलं.

मग खोडरबरने पिना घासल्या, पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ लावला, एकेक स्टिक वेगळी तपासली. दोन्ही पास. मी छातीठोकपणे शेठना सांगितलं, रॅम ओके आहे, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदलूया. शेठ चहा पीत होते, म्हणाले, "दोन्ही एकत्र लावून बघितलंस का? आणि एक्सएमपी चालू होतं का?"

नव्हतं. एक्सएमपी म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या जास्त स्पीडला चालवणारं बोर्डातलं सेटिंग. स्टिक काढल्या-घातल्यावर बोर्डाने स्वतःच सेटिंग डिफॉल्टला नेलं होतं. दोन्ही लावल्या, एक्सएमपी चालू केलं, दहा मिनिटांत स्क्रीनभर लाल ओळी.

सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एसपीडी टॅबमध्ये (रॅमने स्वतःबद्दल साठवलेली माहिती) मग खरं दिसलं. जुनीचं ३२०० एक्सएमपीवालं, सीएल१६, १.३५ व्होल्ट. नवीचं साधं ३२००, सीएल२२, १.२ व्होल्ट. सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर क्लॉकच्या किती ठोक्यांनी तो मिळणार, ३२०० ला सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद आणि सीएल२२ म्हणजे पावणेचौदा. बोर्ड जुनीचं प्रोफाइल दोघींना लावून नवीला पण १० मध्येच पळवत होता, तिला ते झेपत नव्हतं. म्हणजे खराब एकही नाही, जोडी चुकलेली, आणि ती लावणारा मी.

एक्सएमपी बंद केलं, दोन्ही २४०० वर आल्या, रात्रभर मेमटेस्टच्या चारही फेऱ्या चालवल्या, एरर शून्य. स्पीड कमी झाल्याचं काकांना जाणवलं पण नाही. तेव्हापासून मी रॅम विकायच्या आधी जुनीचं सीएल आणि व्होल्टेज बघतो, आणि नवी लावली की गिऱ्हाईकाच्या सेटिंगवरच, दोन्ही एकत्र ठेवून टेस्ट लावतो. वेळ जातो, शेठ कुरकुरतात, जाऊदे.

एक गोष्ट मात्र मला आधी सुचायलाच हवी होती. रॅम चुकत असताना कॉपी झालेल्या फायली पण बिघडू शकतात. डी ड्राइव्हवरचे त्या तीन दिवसांतले फोटो उघडून बघितले तर हळदीच्या दोन फोटोंत खालचा अर्धा भाग करडा पट्टा. काकांनी कॅमेऱ्याचं कार्ड अजून पुसलं नव्हतं म्हणून वाचलो.