आगोटीची सुकी मासळी: या चुका टाळा

कोकणात मे महिना म्हणजे आगोटीची, पावसाळ्याआधीच्या बेगमीची लगबग. जूनपासून निदान जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंद, तोवर सुक्यावरच भागवायचं. आणि ऐन आषाढात डबा उघडावा तर खाऱ्या बांगड्यावर गुलाबी थर, सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) मऊ, बोंबलातून भुगा. खापर पावसावर फुटतं, पण चूक बहुतेक वेळा मे महिन्यातच झालेली असते.

गुलाबी थर म्हणजे बुरशी नव्हे. मिठागराच्या मिठातूनच येणारे, खारटपणावर पोसणारे जिवाणू असतात ते. म्हणजे ‘मीठ कमी पडलं वाटतं’ म्हणून वरून आणखी मूठभर चोळणं हा उपाय नाहीच. मागच्या खेपेचं उरलेलं ओलं मीठ पुन्हा वापरलं जातं, तिथे ही लागण होते. एवढी काटकसर नको. पिंप गरम पाण्याने घासून उन्हात तापवा, मीठ दरवेळी नवं, कोरडं घ्या. मासा चिकट झाला, वास फिरला, की फेकायचा.

याहून वाईट चूक डोळ्यांना दिसत नाही. बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) बर्फाविना तासन्‌तास पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते मिठाने जात नाही, उन्हाने जात नाही, कालवण कितीही उकळलं तरी जात नाही. जेवल्यावर तोंड लाल होतं, खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि आपण म्हणतो मासा बाधला. म्हणून मासा आणल्या आणल्या कल्ले-आतडी काढा, पाठीकडून चिरा, कण्यालगतचं काळं रक्त खरवडून धुवा आणि तीन-चार किलोंना किलोभर जाडं मीठ लावा. खारवणं उद्यावर ढकलायचं असेल तर मासा बर्फात हवा.

बोंबलाचं गणित वेगळं. त्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. कोळी लोक जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर, म्हणजे बांबू-दोरीच्या मांडवावर टांगतात ते वारा चहूकडून लागावा म्हणून. गच्चीत ताडपत्रीवर पसरले तर खालची बाजू ओलसर राहते, वर माशा बसतात. घाईने ओव्हनमध्ये टाकू नका, वरून कडक आणि आत ओला असा बोंबील हमखास सडतो.

सोडा कटकन मोडला पाहिजे. वाकला तर आणखी एक ऊन द्या. उन्हातून उचलून गरमागरम डब्यात भरला की झाकणाला आतून घाम येतो, म्हणून आधी सावलीत निववा.

भुगा पाडणाऱ्या केसाळ अळ्यांवर धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या कधीही ठेवू नका, त्यांच्या वायूने माणसं दगावतात. मासळी घट्ट बांधून चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवली की अळ्या मरतात.

आणि खायला आधी बांगडा काढा, बोंबील-जवळा मागे ठेवा. तेलकट मासळी खवट होतेच, तिथे मिठाचं काही चालत नाही.